लेथच्या मेंदूची तोंडी परीक्षा

माणूस आणि यंत्र यांच्यातलं नातं नेमकं कसं असावं, हा आधुनिक संस्कृतीपुढचा सर्वांत गहन प्रश्न आहे, असं विचारवंत मानतात. टर्नरच्या घरी हा प्रश्न दोन बहिणींनी मटार सोलता सोलता निकालात काढला.

"ह्यांचा खांदा पार कामातून गेलाय," थोरली म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, लेथची हँडलं फिरवणं कायमचं बंद."

"मग लेथला कॉम्प्युटर बसवा. आपलं आपण फिरेल." धाकटीनं एक मटार तोंडात टाकला. "आमच्याकडे सुट्टीत एक नुसता बसून असतो, तो पाठवते."

"कॉम्प्युटर?"

"नाही गं, नवरा."

थोरलीचा नवरा म्हणजे टर्नर, लेथवर धातू तासून त्याला आकार देणारा कारागीर. धाकटीचा नवरा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. नात्यानं दोघे साडू. आजवर या नात्याचा उपयोग एवढाच झाला होता, की सासुरवाडीच्या कुठल्याही बैठकीत दोघांनी एका कोपऱ्यात बसायचं आणि योग्य वेळी एकमेकांकडे नुसतं बघायचं. एकत्र काम करण्याची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे संबंध उत्तम होते.

टर्नर त्या वेळी शेजारच्याच खोलीत खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता, कारण नाही म्हटलं तर पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेहुणा.

मेहुण्याचं नळ, शॉवर आणि कमोड यांचं भलंमोठं दुकान होतं. खांद्याची बातमी कळताच तो धावत आला, मनापासून हळहळला आणि म्हणाला, "भाऊजी, काळजी सोडा. उद्यापासून माझ्या गल्ल्यावर बसा. मला विश्वासाचा माणूस हवाच आहे." माणूस मनानं चांगला होता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर त्याला तोंडावर नाही म्हणता आलं असतं. गल्ल्याच्या बरोब्बर समोर कमोडांची रांग मांडलेली असे, सगळी झाकणं उघडी. टर्नरनं जन्मभर लोखंडाकडे तोंड करून काम केलं होतं. उरलेला जन्म त्या उघड्या झाकणांकडे तोंड करून काढायचा, या कल्पनेनंच त्याच्या दुसऱ्या खांद्यातही कळ येऊन गेली.

थोडक्यात, लेथ स्वतःहून फिरला तर टर्नर टर्नर राहणार होता. नाहीतर कमोड.

आणि वेळही फार नव्हता. टर्नरचं म्हणावं असं गिऱ्हाईक एकच, काटेवाला. तो वजनकाटे बनवायचा. काटा सपाट उभा राहावा म्हणून त्याच्या खाली फिरवून वर-खाली करता येतील असे पितळी पाय लागतात, आणि ते पाय करावेत टर्नरनंच, असं काटेवाल्याचं मत होतं. "मी थांबतो," तो म्हणाला होता, "पण तुमच्या साडूची सुट्टी संपेपर्यंत. त्यानंतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आता तुमच्या खांद्यासाठी मी काटे लंगडे विकू का?"

साडू आला तो लॅपटॉप, मीटर आणि वायरींचं एक भेंडोळं घेऊन, खिशाला लाल पेन लावून. घरामागच्या खोलीत लेथ होता. टर्नरनं तो लग्नाच्या आधी घेतला होता. थोरलीनं ही गोष्ट कधी मनाला लावून घेतली नव्हती, पण विसरलीही नव्हती. साडूनं लेथभोवती एक चक्कर मारली, दोन-तीन हँडलं फिरवून पाहिली आणि निदान केलं.

"दादा, ह्याला मेंदू नाही."

"आजवर माझा वापरत होता," टर्नर म्हणाला.

"तेच म्हणतायत ते," दारातून थोरली म्हणाली.

मग साडूनं समजावून सांगितलं. शिकवण्याची सवय असल्यामुळे त्यानं ते भिंतीकडे पाठ करून, खोलीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं. खोलीत रांग नव्हती. मूळ मुद्दा असा, की लेथवर काम, म्हणजे पितळेची कांडी, गोल फिरत राहते आणि टूल तिला तासत जातं. ते टूल आतबाहेर आणि डावीउजवीकडे सरकवायला इतकी वर्षं टर्नरचा खांदा होता. आता तिथे दोन मोटरी बसवायच्या. त्या मोटरींना हुकूम देणारं जे इलेक्ट्रॉनिक डोकं, तो कंट्रोलर. "लोखंडाला लोखंड कोणीही जोडेल," साडू म्हणाला. "खरी कसोटी कंट्रोलर निवडण्यात आहे."

"आणि मोटरी कसल्या?"

"दोन जाती आहेत. एक स्टेपर. सांगाल तेवढी पावलं मुकाट चालते. पण वाटेत कुठे अडली तर तसं सांगत नाही, आपण पोचलोच असं धरून बसते. दुसरी सर्वो. ती आपण कुठे आहोत ते क्षणाक्षणाला कळवते, जरा इकडेतिकडे झालं की लगेच दुरुस्ती करते. पण तिच्याशी जुळवून घ्यायला फार दिवस लागतात."

थोरलीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे एक ह्यांच्यासारखी, एक माझ्यासारखी."

"स्टेपरच घ्या," टर्नर म्हणाला. "एका घरात एक सर्वो पुरे."

कंट्रोलरची निवड मात्र इतक्या खेळीमेळीत व्हायची नव्हती. टेबलावर तीन उमेदवार येऊन बसले. पहिला, कॉलेजनं मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर, त्यात फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. हा साडूचा लाडका. "याच्या पोटातली प्रत्येक गोष्ट आपल्याला बदलता येते," तो अभिमानानं म्हणाला.

"बदलता येते की बदलावी लागते?" टर्नरनं विचारलं.

साडूनं या प्रश्नाची वहीत नोंद घेतली.

दुसरी, पत्र्याची एक दणकट पेटी. समोर पडदा, हिरवी बटणं आणि एक लालभडक गोल बटण, अचानक काही झालं तर सगळं बंद करायचं. ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारानं चार दिवस वापरून बघा म्हणून दिली होती. आणि तिसरा, त्याच दुकानदारानं जाता जाता पिशवीत टाकलेला एक उघडाबोडका बोर्ड, तळहाताएवढा. त्याला ना पेटी, ना पडदा, ना बटण. थोरलीचं मत त्याच्या बाजूनं पडलं. "पुसायला बरा आहे," ती म्हणाली.

टर्नरची वस्तू निवडण्याची स्वतःची एक रीत होती. आयुष्यात त्यानं जे जे विकत घेतलं, ते आधी हातात धरून तोललं होतं. चांगली वस्तू जड असते. कांडी पकडणारा चक जड असला की हलत नाही, जड व्हाइस थरथरत नाही, आणि सासऱ्यांनी मुलगी दाखवली तेव्हाही त्याचं हेच तत्त्व आड आलं नव्हतं, असं तो साडूला एकदा खासगीत म्हणाला होता. त्यानं बोर्ड उचलला आणि बिस्किट ठेवावं तसा परत ठेवला. मग डाव्या हातानं पेटी उचलली. त्याचा चेहरा उजळला.

"हे यंत्र आहे," तो म्हणाला.

"दादा, कंट्रोलर वजनावर घेत नाहीत!"

"मग कशावर घेतात?"

"गुणवत्तेवर. रीतसर परीक्षा घ्यावी लागते."

आणि साडूनं खरोखरच परीक्षा घेतली. त्यानं प्रश्नपत्रिका काढली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक मिलिंग मशीन होतं, ज्यात काम जागेवर राहतं आणि टूल फिरतं, त्याच्यावर मुलांना विचारतो तेच प्रश्न थोडे फिरवून. दोन मोटरी टेबलाला आवळल्या, त्यांच्या टोकांना कागदाचे बाण चिकटवले, म्हणजे कोण किती फिरलं ते लांबूनही दिसावं. मग प्रत्येक उमेदवाराला आळीपाळीनं मोटरी जोडून तोंडी परीक्षा सुरू झाली. साडू प्रश्न मोठ्यानं वाचायचा. तो यंत्राला ऐकू जात नाही हे त्याला माहीत होतं, पण न वाचता विचारला तर ते नियमाला धरून झालं नसतं.

"सरळ रेषेत जाऊन मूळ जागी परत या."

तिघंही परत आले.

"वर्तुळाचा चतकोर काढून दाखवा."

इथे कॉम्प्युटर मधेच उठला आणि स्वतःचं काहीतरी अद्ययावत करून घ्यायला निघून गेला. पडद्यावर नुसतं एक चाक फिरत राहिलं. थोरली कपडे वाळत घालून आली तरी ते फिरतच होतं.

"ह्याला नापास करा," टर्नर म्हणाला.

"वैद्यकीय कारण धरू," साडू म्हणाला. "मुलगा मुळात हुशार आहे."

बोर्डानं सगळी उत्तरं बरोबर दिली. पण साडूनं त्याचे गुण कापले. "उत्तरं ठीक आहेत," तो लाल पेन ओढत म्हणाला, "मांडणी नाही. असा उघडाबोडका कोणी परीक्षेला येतं का?" पेटीचीही उत्तरं बरोबर आली. इतकंच नव्हे, ती हुबेहूब बोर्डासारखी आली. चतकोर वर्तुळ संपताना बाणाला एक बारीक झटका बसायचा, तोही दोघांचा सारखा.

साडूच्या कपाळाला आठी पडली. "वर्गात असते तर या दोघांना मी लांब लांब बसवलं असतं."

टर्नरचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पेटीचं लाल बटण दाबत होता, सोडत होता आणि पुन्हा दाबत होता. "खटका ऐका साडू," तो म्हणाला. "असा खटका आता कुठे मिळतो?"

बेरीज केली तेव्हा, आजारपणाची सवलत धरून, कॉम्प्युटर आणि पेटी बरोबरीत निघाले. बोर्ड तळाला. साडूनं पेन खिशाला लावलं, पुन्हा काढलं, आणि मोठ्या मनानं पेटीला व्यक्तिमत्त्वाचे चार गुण वाढवून दिले. एक तर लेथ टर्नरचा होता. दुसरं म्हणजे थोरलीनं मधे जाहीर केलं होतं, की असा बसल्या जागी झोपणारा घरात एक आहे, दुसरा ती ठेवून घेणार नाही.

पुढचे दिवस मजेत गेले. टर्नर सांगायचा, साडू उघडायचा. लेथच्या डाव्या अंगाला झाकणाआड दातेरी चाकांची एक मोठी जत्राच होती. त्या चाकांवरून एक लांब स्क्रू फिरायचा, त्याला एक दांडा होता. साडूनं ते सगळं खोललं, तिथेच नवी भोकं पाडली आणि मोटर बसवली.

"हे सगळं आता इतिहासजमा," तो चाकं पुसत म्हणाला. "जे काम चाकं करायची ते आता सॉफ्टवेअर करणार."

"बरंय," टर्नर म्हणाला. चाकं थोरलीनं कुंड्यांखाली ठेवायला नेली. कुंड्यांना इतकं अचूक बूड आजवर कधी मिळालं नव्हतं.

एका सकाळी लेथ पहिल्यांदा आपला आपण चालला. टूल पुढे आलं, पितळेला लागलं, सोनेरी कीस निघाला. टर्नर हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याला कळेना हातांचं काय करावं. शेवटी त्यानं ते छातीवर घेतले, मग कमरेवर ठेवले, आणि मग थोरलीनं त्याच्या एका हातात चहाचा कप दिला तेव्हा कुठे एकाची सोय लागली.

"किती छान जातंय," थोरली म्हणाली.

"जरा घाबरत जातंय," टर्नर म्हणाला. पण तो हसत होता. चार लोकांना दाखवावं असं त्याला वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून मेहुण्याला फोन केला.

मेहुणा आला तो खिशात मोजपट्टी घेऊनच. "सहजच आणली," तो म्हणाला, आणि टर्नर स्टुलावर बसताच त्यानं जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेऊन टाकलं. "गल्ल्याची खुर्ची बनवायला टाकलीय. उंचीचं विचारत होता सुतार. तुमचं इथलं जमलं तर आनंदच आहे भाऊजी. पण खुर्ची आपली तयार असलेली बरी."

मागोमाग काटेवाला आला. तो पाहुण्यासारखा न येता तपासनीसासारखा आला, म्हणजे चहा नको म्हणाला आणि चष्मा घातला.

साडूनं हिरवं बटण दाबलं. कांडी गरगर फिरू लागली. टूलनं तिचं तोंड साफ केलं, अंग उतरवलं, मान बारीक केली, बुडाला अशी गोलाई दिली की मेहुणासुद्धा "वा" म्हणून गेला. मोटरी थांबल्या. टर्नरनं पाय काढला, फडक्यानं पुसला आणि काटेवाल्याच्या हातात ठेवला. काटेवाल्यानं तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सुंदर," तो म्हणाला. "आटे?"

"आता पाडतो की," टर्नर म्हणाला, आणि त्याचा डावा हात सवयीनं दांड्याकडे गेला.

दांडा नव्हता. जिथे दांडा असायचा तिथे हात हवेत जरा वेळ तसाच राहिला. मग टर्नरनं सावकाश मान वळवून साडूकडे बघितलं. सासुरवाडीच्या बैठकीत बघायचा तसं हे बघणं नव्हतं.

"साडू, आटे कसे पाडायचे?"

"आटे," साडू म्हणाला. त्यानं पेटीचं माहितीपुस्तक उघडलं. एकदा पुढून मागे चाळलं, एकदा मागून पुढे. "आटे तुम्ही प्रश्नपत्रिकेत कुठे घातले होते?"

"प्रश्नपत्रिका तुम्ही काढली होती!"

"मी मिलिंगची काढली होती! मिलिंगला कुठे लागतात असले आटे? तुम्ही बोलायचं नाही का, दादा?"

"काय बोलायचं? आटे पाडता येतात का, हे काय विचारायचं असतं? जावई बघताना त्याला शिंकता येतं का असं विचारता का तुम्ही?"

दोघांचंही खरं होतं. साडूला तो प्रश्न सुचला नाही, कारण त्याच्या मशीनला त्याची गरज नव्हती. टर्नरला सुचला नाही, कारण तो दांडा खाली ओढायचा आणि आटे पडायचे. इतक्या वर्षांत त्यात काही विशेष असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि ज्याला वाटलं असतं त्याला माहीत नव्हतं.

साडूनं तरी प्रयत्न केला. पेटीला त्यानं आट्यांसाठी तिरकं तिरकं जायला सांगितलं. पहिला फेरा झकास गेला, पितळेवर गोल गोल चढत जाणारी नाजूक चर उमटली. पण आटा एका फेऱ्यात होत नाही. टूलला त्याच चरीत पुन्हा पुन्हा यावं लागतं, दर वेळी थोडं खोल. दुसऱ्या फेऱ्यात टूल भलतीकडूनच शिरलं. तिसऱ्यात तिसरीकडून. शेवटी हातात आलं ते उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं.

"असं का करतंय?" काटेवाल्यानं विचारलं.

"कांडी फिरता फिरता नेमकी कुठे आलीय, हे याला दिसत नाही," साडू मलूल आवाजात म्हणाला. "पूर्वी ती चाकं कांडीला आणि टूलला एकमेकांशी बांधून ठेवायची. आता कोणीतरी पेटीला दर फेऱ्याला सांगायला हवं, की हं, आली बघ, हो पुढे. आणि पेटीला बाहेरचं ऐकायची सोयच नाही. मागे एकही जागा नाही त्या वायरीला."

"म्हणजे बहिरी आहे," थोरली म्हणाली.

"चाकं परत बसवा," काटेवाला म्हणाला.

"तिथे भोकं पाडलीत. आणि बसवली तरी बाकीची हँडलं कोण फिरवणार?" टर्नर स्टुलावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर झाकणं उघडू लागली, एकामागून एक, रांगेनं.

काटेवाल्यानं चष्मा काढला. "साडूंची सुट्टी कधी संपते?"

"सोमवारी," साडू म्हणाला.

"मग सोमवारपर्यंत मी आहे." त्यानं कुरतडलेला पाय टेबलावर ठेवला आणि तो गेला. चहा त्यानं शेवटपर्यंत घेतला नाही.

मेहुण्याला खरंच वाईट वाटलं. खुर्चीचं माप घेतलं याचीही त्याला आता लाज वाटत होती. काहीतरी मदत करावी म्हणून तो म्हणाला, "भाऊजी, ही पेटी मी दुकानदाराला परत नेऊन देतो. माझी गाडी आहे." आणि त्यानं मागच्या वायरी सोडवून पेटी उचलली.

उचलली आणि तो थबकला. त्यानं ती किंचित डावीकडे कलवली, किंचित उजवीकडे कलवली. मग कानाशी नेऊन हलवली.

"भाऊजी," तो म्हणाला, "ही तुम्ही वजन बघून घेतलीत का हो?"

साडूनं छताकडे बघितलं.

"कारण हिच्या बुडाला वजन बसवलंय." मेहुण्याचा आवाज एकदम बदलला. आता तो नातेवाईक राहिला नव्हता, दुकानदार झाला होता. "आमच्याकडे असे नळ येतात. आत सगळं पोकळ, आणि मुळाशी शिशाचा गोळा. गिऱ्हाईक हातात घेतं आणि म्हणतं, वा, काय भरीव नळ आहे. मी डोळे मिटून ओळखतो. चांगली वस्तू सगळीकडून जड असते, ही एकीकडूनच जड आहे. उघडा बरं."

"उघडली तर दुकानदार परत घेणार नाही," साडू म्हणाला.

"असली तो तशीही घेणार नाही. मी घेत नाही ना!"

साडूनं स्क्रू काढले. वरचं झाकण निघालं. पेटी जवळजवळ रिकामी होती. तळाशी चार नटांनी आवळलेली एक जाडजूड लोखंडी पट्टी होती, आणि पडद्यामागे एका कोपऱ्यात, बिचकून बसल्यासारखा, तळहाताएवढा एक बोर्ड. साडूनं टेबलाच्या खणातून परीक्षेत तळाला आलेला उमेदवार काढला आणि शेजारी धरला. दोघे सख्खे जुळे होते.



"म्हणजे तुम्ही ह्याला नापास केलंत," थोरली एकाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ह्यालाच पेटीत घालून पहिला आणलात?"

"व्यक्तिमत्त्वाचे गुण होते ते," साडू पुटपुटला. मग एकदम त्याचा चेहरा खुलला. "पण मी म्हटलं होतं! कॉपी आहे म्हणून म्हटलं होतं की नाही दादा?"

टर्नर तिकडे बघतच नव्हता. त्यानं लोखंडी पट्टी डाव्या हातात घेतली होती आणि ती तोलत होता. "पट्टी चांगली आहे पण," तो म्हणाला.

आता साडूला जोर चढला. त्यानं उघडाबोडका बोर्ड भिंगाखाली धरला आणि त्याच्या कडेनं बोट फिरवत गेला. कडेला लहान लहान जागा होत्या वायरी खोचायला. पेटी बनवणाऱ्यानं त्यातल्या हव्या तेवढ्याच बाहेर काढल्या होत्या. एक जागा नुसतीच मोकळी होती, आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, की फिरत्या कांडीची खूण इथे जोडा.

"ह्याला कान आहे!" साडू ओरडला. "पेटीनं बुजवला होता!"

पेटीतला पडदा आणि बटणं काढून त्यानं ह्या बोर्डाला जोडली. मग थोरलीच्या साखरेच्या डब्याचं झाकण गेलं. ते गोल होतं, पातळ होतं आणि हाताशी होतं. साडूनं त्याला कडेला एक खाच पाडून ते लेथच्या मागच्या टोकाला बसवलं आणि समोर एक डोळा, म्हणजे सेन्सर, लावला. कांडीचा एक फेरा झाला की खाच डोळ्यासमोरून जायची आणि बोर्डाला कळायचं, की हं, आली. मेहुणा कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून उभा होता. आपण कोणाच्या विरुद्ध काम करतोय हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि कोणी आणूनही दिलं नाही.

पहिला फेरा गेला. दुसरा त्याच चरीत शिरला. तिसराही. प्रत्येक फेऱ्याला टर्नरचा श्वास आत राहायचा आणि टूल बाहेर आलं की सुटायचा. शेवटी त्यानं लेथ थांबवला, खिशातून एक नट काढला आणि नव्या आट्यांवर चढवला. नट बोटाच्या एका टिचकीसरशी गरगरत तळाशी जाऊन बसला.

"जमलं," टर्नर म्हणाला.

"जमलं!" मेहुणा टाळी वाजवून म्हणाला, आणि मग हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. "मग आता माझ्या गल्ल्यावर कोण?"

"प्रोफेसर आहेत की," थोरली म्हणाली. "पुढच्या सुट्टीत पाठवायला सांगते धाकटीला."

साडूनं टर्नरकडे नुसतं बघितलं. टर्नरनंही साडूकडे नुसतं बघितलं. संबंध पूर्ववत झाले.

सोमवारी काटेवाला आला. त्यानं चष्मा घातला, पाय उजेडात धरला, नट चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. मग चष्मा काढून म्हणाला, "चहा झालाय का?" टर्नरनं ओळखलं, काम आपल्याकडेच राहिलं.

तेव्हापासून तो रोज सकाळी मागच्या खोलीत जातो, पितळेची कांडी चकमध्ये धरतो, हिरवं बटण दाबतो आणि टूलकडे बघत बसतो. खांद्याला आराम आहे. स्टेपर मोटर वाटेत अडू नये म्हणून साडूनं लेथचा वेग फार बेतानं ठेवला आहे, त्यामुळे एक पाय व्हायला हातानं लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागतो.